डावा खिसा

उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरचा.
घाटात तो दुसऱ्या कुणाचा नसतो.
म्हणून लागेल ते सगळं डाव्या अंगाला,
असं सेखोबेनं शिकवलं.
थाबा-त्सेकाच्या वरच्या दवाखान्यांतून
अकरा वर्षं रक्ताच्या नळ्या खाली आणल्या त्यानं.
किल्ली देताना स्वतःचं जाकीटही दिलं,
मला दोन मापं मोठं.
डाव्या खिशाचं अस्तर त्याच्या बोटांनी असं झिजलेलं
की आत हात घालताना
आधी परवानगी मागावीशी वाटायची.

चिंधी वर. हेल्मेटची काच पुसायला.
जुन्या बनियनचीच घे,
नवं कापड पाणी नुसतं पसरवतं.
तिच्याखाली व्हॅसलीनची चपटी डबी,
झाकण घरूनच सैल करून.
जुलैत ओठ फुटतात
आणि मग दवाखान्यात कुणाला साधं लुमेलाही म्हणवत नाही.
सुटे पैसे, कणसापुरते.
टॉफ्या मूठभर. तुझ्यासाठी नाहीत.
गुराख्यांची कुत्री मोटरसायकलवर धावून येतात,
आणि कुत्री फक्त त्या पोरांचं ऐकतात.

पाना? मी विचारलं.
पाना सीटखाली राहू दे, तो हसला,
पाना लागेल तेव्हा तू थांबलेलीच असशील.

आणि मागची पेटी.
जाताना पाकिटं, येताना नळ्या.
तिची किल्ली बुटात, मोज्याच्या आत.
ती सहज हाती लागू नये, मुद्दाम.

हे सगळं पाठ झालं.
न बघता बोटं चिंधीवर जायची,
चिंधीवरून डबीवर,
देवळात न जाणाऱ्या माणसाची जपमाळ म्हणा हवं तर.

मग त्या मंगळवारी, दगडी कुंपणाच्या वळणावर,
रस्त्यावर बर्फ काचेसारखा
आणि मधोमध एक पोरगा.
घोंगडी गुडघ्यापर्यंत, पाय रबरी बुटांत,
कुत्र्याची मान दोन्ही हातांनी धरलेली.
मी सवयीनं टॉफी काढली.
त्यानं हात पुढे केला नाही. कुत्रं सुटलं असतं.

म्हणाला, मी मोहापी.
माझ्या आईचं रक्त तू नेलंस. कागद आला?

हातमोजा खिशातच होता.
चिंधी, डबी, नाणी.
पुन्हा चिंधी.

पाकिटं बंद असतात, मी म्हटलं.
आत काय ते मलाही कळत नाही.
नर्स उघडते, गुरुवारी.

त्यानं मान हलवली, थोरल्या माणसासारखी.
दवाखाना तीन तास चालून खाली,
मेंढ्या कुणावर सोडायच्या?
नुसतं आलंय एवढं कळलं तरी चालेल.
पाकिटावर नंबर असतो ना, वरून?
चारशे बारा.
दोनदा सांगितला. मग तिसऱ्यांदा, हळू.

तेव्हा मला माझा डावा अंगठा दिसला.
सेखोबेच्या यादीत नव्हता,
कारण तो कुणी भरून घेत नाही:
अंगठ्याखाली हॉर्नचं बटण.
दोनदा वाजवीन, म्हटलं.

पहिल्या गुरुवारी नव्हतं.
उतारावर तो उभा, मी क्लचवरून हात उचलला
एवढंच.
दुसऱ्या गुरुवारीही नव्हतं.
त्या दिवशी मी वळणावर उगाच आरशात पाहिलं,
आणि चाक घसरता घसरता राहिलं.

तिसऱ्या गुरुवारी गठ्ठा लावताना दिसलं.
चारशे बारा.
दुसऱ्या पाकिटांसारखंच होतं, तितकंच पातळ.
उजेडाकडे धरलं नाही.
पेटीत ठेवलं, किल्ली मोज्यात.

वळणावर अंगठा थंडीनं लाकूड झालेला.
दोनदा दाबला.

कुत्रं सुटलं,
ओढ्यापर्यंत भुंकत मागे आलं.
मी कान देऊन होते.
वरून कुणीही त्याला हाक मारली नाही.