सुरुवातीचं टोक

रात्री दहाला मी मिठाची गाडी बाहेर काढते.
बोडमिनच्या माळावर त्या वेळी धुकं असतं, नाहीतर बर्फाचा भुगा,
नाहीतर दोन्ही,
आणि रस्त्याच्या मधोमध मेंढ्या,
जणू रस्ता त्यांच्या बापाचा.

शेजारच्या सीटवर लोकरी मोज्यात गुंडाळलेली
माझ्या बापाची पॅस्टी.
मोजाही त्यांचाच. धुतलेला, असं ते म्हणतात.

तेवीस वर्षं ते जमिनीखाली कथील खणायचे
आणि आई वर कणीक मळायची.
आता खाणीत पाणी भरलंय,
आई चॅपलमागच्या उतारावर आहे,
आणि मळायचं काम बाबांकडे आलं,
पाळी बदलते तसं, कुणी काही न बोलता.

चरबी थंड हवी. हात त्याहून थंड.
"तुझ्या आईचे हात म्हणजे बर्फ,"
ही तक्रार होती की कौतुक
हे मला चाळिशी येईतो कळलं नाही.

अर्ध्या भागात गोमांस, बटाटा, सलगम, कांदा,
मिरपूड अशी की नाकाने हजेरी द्यावी.
मग कणकेची एक भिंत.
भिंतीपलीकडे सफरचंद, लवंग, काळपट साखर.
कडेला मुरड घालताना ते श्वास धरतात,
सुरुंगाची वात पेटवल्यासारखा.
शेवटी तिखटाच्या टोकावर सुरीने कोरतात
माझं अक्षर, टॅमसिनचा टी.
इथून सुरू कर. गोड कमवावं लागतं.

जानेवारीत एकदा, तलावाच्या वळणावर,
चरात कललेली एक व्हॅन दिसली.
आत न्यूलिनची मासळी आणि एक पोरगा,
जाकीट उन्हाळ्यातलं, ओठ जांभळे.
साखळी लावून व्हॅन ओढली, ती आली नाही.
त्याला वर घेतलं. हीटर, घोंगडी,
आणि दुसरं काय होतं माझ्याकडे?

मोजा उलटा केला. पॅस्टी मधोमध मोडली,
नेमकी भिंतीवर.
मांसाचा रस सफरचंदात गेला,
लवंग बटाट्यात.
त्याने कवचाकडे पाहिलं. "टी म्हणजे?"
"मी."
तेव्हा ते टोक त्याने माझ्याकडे वळवलं
आणि स्वतः गोडापासून सुरुवात केली,
काही न कमावता.
खाता खाता त्याचा चष्मा ओला झाला.
वाफेनेच, असं आपण म्हणू.

मागे मीठ पडत होतं, रस्ताभर, सारखं.

सहाला घरी आले. बाबा चहा घेऊन जागे.
"पुरली?"
"पुरली."
"खोटं. पाव कापतेस तो बघ, विटेएवढा."
मग सांगितलं सगळं. भिंत मोडल्याचंही.
ते ऐकून घेत होते, बशीतला चहा हलवत.
"नाव काय त्याचं?"
विचारलं नव्हतं.
"जेवू घातलंस आणि नाव विचारलं नाहीस?"
एवढे चिडलेले मी त्यांना पाहिले होते
फक्त खाण बंद झाली तेव्हा.

दुसऱ्या रात्री पॅस्टी एका मोज्यात मावली नाही.
दोन मोजे, टाचेला टाच लावून शिवलेले.
एका टोकाला टी.
दुसऱ्या टोकाला, त्यांच्या थरथरत्या सुरीने,
एक प्रश्नचिन्ह.
खालच्या टिंबाच्या जागी भोक पाडलेलं,
त्यातून वाफ निघून काचेवर बसत होती.

तेव्हापासून रोज असंच.
रोज पहाटे ते टोक मी घरी परत आणते,
ते बघतात, बोलत नाहीत,
ओव्हनमध्ये गरम करून दोघांत खातात,
म्हणजे ते आणि मांजर.

मी मात्र तलावाच्या वळणावर
आता पहिल्या गिअरमध्ये असते.