एक वाजता जेवण

शांतवननं फुलस्केप कागद घेतला
आणि पट्टीनं रेघा मारल्या.
फॅक्टरीत बत्तीस वर्षं असेच कागद भरले त्यानं,
आता रिटायर होऊन सात महिने.

तळाशी लिहिलं: एक वाजता जेवण.
आणि तिथून मागं मागं चालत गेला.
पावणेएक: कोंबडी झाकून ठेवणे, कोणीही हात लावू नये.
(हे कोणीही म्हणजे मी.)
साडेदहा: ओव्हन तापवणे.
दहा: चर्चमधून परत, उपदेश लांबला तरी परत.
चोवीस तारीख, रात्री नऊ: मिठाच्या पाण्यात बुडवणे.
असा जात जात एक डिसेंबरला पोचला,
तिथं लिहिलं होतं: कागद आणणे.

माझ्या माहेरी, नेवाशाकडे, नाताळ म्हणजे रस्सा,
करंज्या, आणि रात्रभर ढोलकी.
ह्यानं मात्र अप्रेंटिस असताना
डेन्झिल फोरमनच्या घरी एकदा रोस्ट खाल्लं.
वाट्याला एक तंगडी आली होती.
लोक आपल्या लग्नाबद्दल बोलतात
तसा तो त्या तंगडीबद्दल बोलतो.

खडकी बाजारात मुश्ताकभाई म्हणाले, तुकडे बिर्याणीचे?
म्हटलं, नको. सबंध. कातडीसकट.
त्यांनी सुरी खाली ठेवली.
घरी सगळं ठीक आहे ना, वहिनी?

लेकीनं हडपसरहून पाठवलेल्या ओव्हनमध्ये
कोंबडी मावली कशीबशी,
काचेला पाय टेकून,
एसटीच्या मागच्या सीटवर झोपलेल्या माणसासारखी.
लसूण, मिरी, लोणी, पोटात अख्खं लिंबू.
अकरा वीसला लाइट गेली.

पंचवीस तारीख पाहिली, वेळ पाहिली,
वार पाहायचा राहिला होता.
गुरुवार.
सुट्टीच्या दिवशी जात नाहीत म्हणे, पण गेली,
पार बोपोडीपर्यंत गेली.
कागदावर लाइट जाण्याचा रकाना नव्हता.
शांतवननं उभ्या उभ्या तो आखला.
आणि मग त्यात काय लिहावं, ते त्याला सुचेना.

मी माळ्यावरून पितळी पातेलं काढलं,
मामानं लग्नात दिलेलं, दोघांच्या संसाराला कधीच न लागलेलं.
तळाला बटाटे, कांदे, वर कोंबडी, खाली बारीक गॅस.
पण वरून आच हवी.
आई झाकणावर निखारे ठेवायची.
खडकीत निखारे कुठून आणू?

कोपऱ्यावर रंगनाथची टपरी उघडी होती.
सणाच्या दिवशी तर जास्तच कपडे.
निखारे देतो, म्हणाला, पण न्याल कशात, पदरात?
मग विचार करून
सबंध इस्त्रीच घेऊन आला घरी,
कोळशाची, पितळेची, कडीवर इवलासा कोंबडा असलेली,
आणि झाकण उलटं करून त्यावर ठेवली.
अर्ध्या तासात पाहिजे, म्हणाला,
पाटलांचे दोन पांढरे शर्ट बाकी आहेत.
मग स्वतःच दोनदा येऊन कोळसे बदलून गेला.
पाटील बनियनवर बसून राहिले असतील.

दोन चाळीसला झाकण काढलं.
छातीवर खमंग तांबूस रंग,
पण तिकोनी.
नाकासकट इस्त्री उमटली होती.
बाकी अंग फिकट, लाजल्यासारखं.
मी हसू दाबलं. मग नाही दाबलं.

रंगनाथला ताट वाढलं तर म्हणाला, माझा गुरुवार असतो.
करंज्या चालल्या. सात चालल्या.

प्रार्थनेला डोळे मिटले आणि लाइट आली.
रिकामा ओव्हन आपलाच तापत बसला.
शांतवननं कागदावरचा एक खोडला,
दोन चाळीस लिहिलं, खाली सही केली.
तंगडी माझ्या पानात ठेवली.

मी विचारलं, डेन्झिल साहेबांकडची अशीच होती का रे?
तो खूप वेळ चावत राहिला.
मग म्हणाला, नाही.
ती जरा कोरडी होती.