एका तासाला एक तास

एक तासाची टेप उतरवायला एक तास लागतो
हे गिऱ्हाइकांना पटत नाही.
"कॉम्प्युटर आहे ना तुमच्याकडे?" विचारतात.
आहे. पण टेपला ते माहीत नाही.
ती तिच्या चालीनं चालते.

खांबेटेबाईंनी एकोणीस टेपा आणल्या,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
डब्यावर जपानी अक्षरं, टेपांवर बॉलपेननं मराठी:
‘बर्फ’. ‘निनाद शाळा’. ‘बर्फ २’.
‘हिरानोबाईंकडे’. ‘किरकोळ’.
"मुलाला पाठवायचंय. ऑकलंडला असतो.
बघेलच असं नाही," म्हणाल्या,
आणि पावती नीट घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.

दुकान खजिना विहिरीजवळ, बोळात.
एक ते चार शटर खाली,
मशीन चालू.
डोळा ठेवावा लागतो, टेपेला बुरशी असली तर हेड धरतं.
म्हणून बघतो. नाहीतर कुणाचं काय बघायचं!

मात्सुमोतो, चौऱ्याण्णव साल.
गॅलरीच्या कठड्यावर वीतभर बर्फ,
त्यात कुणीतरी बोटानं काढलेला गणपती, सोंड जरा वाकडी.
पिवळ्या टोपीतला पोरगा,
पाठीवर त्याच्याहून जड दप्तर.
कॅमेऱ्यामागून वडिलांचा आवाज:
"हात कर. पुण्याला हात कर."
तो करतो.
आणि मी, सदाशिव पेठेत, तीस वर्षांनी,
चुकून हात वर केला.

कोपऱ्यातली वेळ मात्र जुळेना.
लख्ख ऊन, पोरगा शाळेला निघालाय,
आणि आकडे म्हणतात पहाटेचे ४:४०.
घड्याळ बिघडलं असेल म्हणून सोडून दिलं.
चौथ्या टेपेला डोक्यात उजेड पडला:
साडेतीन तास.
साडेतीन मुहूर्त पाठ असलेल्या माणसाला
एवढं कळायला चार टेपा लागल्या.
त्यांनी कॅमेरा तिकडे घेतला,
घड्याळ इकडचं लावलं,
आणि दोन वर्षं तसंच राहू दिलं.

‘किरकोळ’ सगळ्यात शेवटी लावली.
कॅमेरा बंद करायचा राहून गेलेला.
आडवा पडलेला असणार, कारण चित्रात फक्त चटई,
तिची हिरवी काठ,
आणि मधूनच मोज्यातले पाय.
कपबशीचा आवाज.
मग बाईंचा, तरुण:

"आई गेली हो माझी. मंगळवारी.
फोन आला तोवर तिकडं सगळं उरकलं होतं.
तिकिटाचे पैसे राहू देत,
मीच म्हटलं यांना. मीच म्हटलं."

स्वच्छ मराठीत.
आणि समोरून हिरानोबाई, असणार त्याच,
बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या, जपानीत.
पुण्यात दर चार घरांत कुणीतरी शिकलेलं असतं,
आमच्यात नाही.
पुन्हा या मराठीत, पुन्हा त्या जपानीत.
कुणीच कुणाला ‘काय?’ म्हणत नाही.
अकरा मिनिटं.
मग पळत येणारे छोटे मोजे,
"आई, भूक!"
आणि मुंग्या.

शनिवारी बाई आल्या.
"ते किरकोळमध्ये काही नसेल.
काढून टाकलंत तरी चालेल."
"उतरवलंय," म्हटलं.
"काय आहे त्यात?"

आता काय सांगणार.
"चटई," मी म्हटलं. "अकरा मिनिटं चटई आहे."

त्यांनी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
तिसऱ्यांदा मोजायला घेऊन थांबल्या.

"चांगली होती हो ती चटई," म्हणाल्या,
"येताना आणता आली नाही."