पिवळा टँकर

हैमा यायच्या जरा आधी दिवा लाल झाला.
टाकी भरली.
हेमांगी म्हणाली, भरली म्हणजे किती?
म्हटलं, भरली म्हणजे भरली,
यात पाऊण-सव्वा नसतं.

भाड्याची कॅराव्हॅन. मागे पाचशे किलोमीटरवर मस्कत,
पुढे जवळपास तितकंच सलाला.
मधे हे गाव: पेट्रोल पंप, टायरवाले, चहाचं एक दुकान
आणि चहूकडे वाळूसुद्धा नव्हे, खडी,
कुणी रस्ता करायला आणून
विसरून गेल्यासारखी.

पंपावरच्या पोराला विचारायचं तर कोणत्या शब्दांत?
इंग्रजीत विचारलं, त्याने कचऱ्याचा डबा दाखवला.
हिंदीत ‘गंदा पानी’ म्हणालो,
त्याने गाड्या धुवायची जागा दाखवली.
अरबी मला तीस वर्षांत
सिमेंट, उद्या आणि अल्लाची मर्जी एवढीच आली.
आणि मराठीत तर आपण
परसाकडे जातो, तिकडे जातो, जाऊन येतो,
पोरांना आकड्यात सांगायला शिकवतो.
जागेचं नाव घेतो, गोष्टीचं नाही.

बलदियाच्या दाराला कुलूप. शुक्रवार.
हेमांगी म्हणाली, एवढं माळरान पडलंय,
ओतून मोकळे व्हा, कोण बघतंय?
गाडी डांबर सोडून आत घेतली.
वाकलो. हात झडपेवर.
तेव्हा दिसलं, एका काटेरी झाडाखाली
चटई, काळी केटली,
आणि काठाशी नीट काढून ठेवलेल्या चपला.
कुणाचं तरी घर होतं ते,
भिंती तेवढ्या नव्हत्या.

परतलो.

इथे निळा टँकर प्यायचं पाणी आणतो, पिवळा मैला नेतो.
तीस वर्षं निळ्याची वाट पाहिली,
उशीर झाला की फोनवर ओरडलो.
पिवळ्याच्या मागे गाडी आली
की काचा वर.
आज त्याच्यापुढे हात आडवा केला.

आम्ही दोघं काय बोलत होतो ते ऐकून
तो खिडकीतून म्हणाला,
“भरली काय?”
मराठीत. म्हसळ्याच्या पुढचा निघाला.
एकवीस वर्षं हेच काम.
नळी जोडली, गुडघा टेकला, नळीला कान लावला.
“आवाजावरनं कलता, कवा सरला ता.”

मिरजेला आमच्या घरामागे बोळ होता.
त्या बोळाची वेळ पहाटे साडेपाच.
तेव्हा आम्ही पांघरुणात जागे असून झोपलेले.
खालचं पत्र्याचं दार वाजायचं,
खरवडल्याचा आवाज, पुन्हा दार.
आई भाकरी वरूनच टाकायची,
दिवाळीला लुगडं, तेही वरूनच.
अकरा वर्षं ती बाई येत होती.
पुढे नगरपालिकेने ते बंद केलं,
घरात पांढरं भांडं आलं, पेढे वाटले.
ती कुठे गेली, कुणी विचारलं नाही.
विचारायला नाव लागतं.

म्हणून याला दोनदा विचारलं.
मुनीर. मुनीर धनसे.
“लिवून घेता काय?” तो हसला.
पाच रियाल पुढे केले, त्याने तीनच ठेवले,
पावती फाडून दिली.

हेमांगीने चहा टाकला.
कपाट उघडून क्षणभर
कागदी पेल्यांच्या चळतीवर हात ठेवून थांबली.
मग आमचेच कप काढले, कानाशी निळी वेल असलेले.
ते थांबणं मी पाहिलं.
त्यानेही पाहिलं असेल; हात धुऊन धुऊन
तो दाराबाहेरच उभा होता,
वर ये म्हटलं तरी.

दिवा हिरवा झाला होता.
कप परत देताना तो म्हणाला,
“आता जपून वापरा.
थुमरेतपरत कोन भेटाचा नाय.”