चौथी खुंटी

भाग सहाशे बारा.
गलबताच्या शिडावर ती बाई पुन्हा आली.
मांडीवर चार तारांचं वाद्य, पायाशी पांढरा साप.
मी वहीत लिहिलं: ही आपली सरस्वतीच,
समुद्र ओलांडून गेली, नाव बदललं,
हंस वाटेत कुठंतरी सुटला.

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
अब्बा जवारी काढत बसलेले,
मिशीवर भोपळ्याचा भुसा.
मोबाईल त्यांच्यापुढं धरला, उगाच, मिरवायला.

सापाकडं त्यांनी पाहिलंच नाही.
"चौथी खुंटी सैल आहे," म्हणाले.
"तार उतरवून ठेवलीय.
वाजवणारा परत येणार नसला
की असं ठेवतात."

मी मागं मागं गेले. पाचशे चाळीस. तीनशे सात.
सव्विसावा भाग, मी सातवीत होते तेव्हाचा.
खुंटी दर वेळी जराशी फिरलेली.
म्हणजे कप्तान मरणार हे
तो चित्रकार अकरा वर्षं सांगत होता
आणि मी साप मोजत बसले.

वही मिटली.
भिंतीवर तौसीफभाईचा तंबोरा.
तो दोह्याला गेला त्याला सहा वर्षं झाली,
फोन ईदला, तोही दोन मिनिटं.
जाता जाता नखानं छेडला.

चारही तारा सुरात.