आठव्या नंबरावर

शनिवार खुटाजवळ गाठोडी सोडून बसतात
बाहेरदेशच्या उतरलेल्या कपड्यांची.
स्वेटरसाठी ढिगात हात घातला, हातात आली जर्सी:
चॉकलेटी-पिवळे पट्टे, पाठीवर नऊ,
कॉलरच्या आत शाईनं कुणाचं तरी नाव, तुई.
ऐंशी म्हणाला, साठात दिली.

त्या नवापायी पडलो मी या खेळात,
उद्यमबागेत लेथवर बावीस वर्षं झालेला माणूस.
पोरगा विचारतो, रग्बी म्हणजे काय हो बाबा?
मी म्हणतो, रग्बी दोन असतात. ही लीग, तेरा-तेरांची.
पंधरावाल्यांशी आपलं काही देणंघेणं नाही.

सहा वेळा पाडून घ्यायचं.
पडलं की उठायचं, चेंडू टाचेनं मागं सारायचा, परत धावायचं.
सहाव्यांदा पडलं तर चेंडू मुकाट समोरच्याला.
आणि हातानं पास द्यायचा तो फक्त मागं.
हे इराप्पाला पटायला अख्खा सीझन गेला.
"मुंदे यारू?" विचारायचा, मग पुढं कोण?
पुढं आपलं कोणी नसतं, इराप्पा.
पुढं फक्त ते.

टीमा सतरा, त्यातल्या आठ प्लेऑफला.
आठ फार झाल्या म्हणतात शहाणे,
अर्ध्या वर्गाला बक्षीस दिल्यागत.
म्हणू देत. मी आठव्याच्या बाजूचा.
राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा:
पहिले चार हरले तरी त्यांना आणखी एक मॅच,
पाचपासून आठपर्यंत कोणी हरला की बॅग भरायची.
ज्याच्या खात्यात आहे त्यालाच कर्ज,
हे मी आमच्या पतसंस्थेत बघितलंय,
त्यासाठी समुद्रापार कशाला बघायचं?

सहा वर्षांत आम्ही तीनदा तळाला.
यंदा आठवे,
तेही शेवटच्या आठवड्यात दुसरं कोणी हरलं म्हणून.

मॅच आपल्या तीन वीसला. पहिली पाळी तीनला सुटते.
गेटसमोर दुर्गा टी स्टॉल.
पाटीवरचं मराठी गेल्या नोव्हेंबरात कुणी डांबरलं,
मालकानं परत रंगवलं, रफार विसरला.
आता दुगा टी स्टॉल.
इराप्पाचा मोबाइल बरणीला टेकवलेला,
नेट गोल फिरत थांबतंय, परत चालतंय.
त्याची टीम चौथ्या... नव्हे, पाचव्या नंबराची,
बरोबर आमच्यासमोर.

अठरा-सोळा. दोन मिनिटं उरलेली.
आमचा विंगर कोपऱ्यात झेपावला,
अर्धं अंग हवेत, चेंडू एका हातात, टेकवला.
मी बाकड्यावरनं उठलो, चहा सांडला.
पंचानं हवेत चौकोन काढला.

रेषेचा प्रश्न आला की वर पाठवतात.
वरचे बघतात, मागं नेऊन बघतात, परत बघतात.
आम्हांला सवय आहे.
आमच्या आजाच्या काळापासनं एक रेषा वर गेलीय,
तिची तारीख पडते, निकाल नाही.
इथं चार मिनिटांत आला तरी:
नो ट्राय. डाव्या पायाचा अंगठा बाहेर.

टपरीतली दोन पोरं पंचाला शिव्या घालाय लागली,
ज्यांना आत्तापर्यंत स्कोअर माहीत नव्हता.
मी नाही घातल्या.
पाच शतांश जास्त कापलं तर माझा जॉब भंगारात जातो,
तिथं अंगठ्याला मी काय म्हणू?
बाहेर म्हणजे बाहेर.

इराप्पानं दोघांच्या चहाचे पैसे दिले.
"साकु, नडी," म्हणाला, बास, चल.
जिंकल्याचा एक शब्द नाही.
तेच जरा जास्त लागलं.

रात्री जर्सी तारेवर उलटी वाळत होती,
नाव बाहेर.
तू खेळलास की नुसताच बघायचास, तुई?
आणि विकलीस का?

सोमवारी चक फिरत होता,
जॉबवरची नजर न काढता कॅलिपर मागं धरला.
इराप्पानं घेतला.
बोलला नाही काही.
त्याची टीम अजून आत आहे.