विषम सालं

मडगावात, जुन्या मार्केटाच्या मागे,
घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आनास्तासियोच्या दुकानावर
दोन मजले, दोन पाट्या.
पहिल्यावर अ‍ॅडव्होकेट कुमुद कुंकळ्येकर,
दुसऱ्यावर अ‍ॅडव्होकेट रघुवीर कुंकळ्येकर.
आडनाव बदलायला वेळ झाला नाही,
असं बाई सांगतात.
अकरा वर्षं झाली.

काणकोणापासून साष्टीपर्यंत
घराला तडा गेला की माणसं हाच जिना चढतात.
ज्याचे गुडघे दुखतात त्याची केस बाई घेतात,
असा मार्केटातला विनोद.
मी दोघांचाही कारकून.
वाटणीत अर्धा-अर्धा आलो:
सकाळी खाली, जेवण झालं की वर.

पोर्तुगीज गेले, त्यांचा कायदा राहिला.
लग्न लागलं की दोघांचं सगळं एक,
मोडलं की मधोमध.
मग माड मोजायचे,
विहिरीच्या पाण्याला वार लावायचे,
डोंगरावरचे काजू, गोठ्यामागचा फणस,
बँकेतलं, फळीवरचं, गळ्यातलं.
बाणावलीच्या ऑर्लिंदाने यादीत
तारवटी नवऱ्याने आणलेला फ्रीज लिहिला.
साहेबांनी उलटतपासणीत विचारलं,
"आणि त्यातला बर्फ?"
कोर्ट हसलं.
बाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या,
"तोही लिहा. वितळायच्या आत."

ह्या दोघांचं मात्र कोर्टात गेलंच नाही.
एका रविवारी जेवणाच्या टेबलावर
कार्बन घालून मीच यादी टाइप केली.
तांब्याचा बंब बाईंना. झोपाळा साहेबांना,
कड्या बाईंना, कारण कड्या माहेरच्या.
निकालांचे बांधीव खंड:
सम सालं वर, विषम सालं खाली.
तेव्हापासून मी जिन्यावर असतो.
वरून चिठ्ठी येते, १९७३ पाहिजे.
खालून येते, १९९४, संध्याकाळपर्यंत परत करते.
परत करते, असं नेहमी लिहितात.
करतातही.

एकच पुस्तक तुटेना.
थोरल्या वकिलांचा, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांचा,
जुना पोर्तुगीज कोड, कसरीने चाळण केलेला.
कायद्यात असतो तसा घरचाच लिलाव लावला.
बाई शंभर. साहेब पाचशे. बाई हजार.
साहेब म्हणाले, तुला पोर्तुगीज येत नाही.
बाई म्हणाल्या, तुम्हाला तरी माझं अक्षर कुठे लागतं?
बोली तिथेच थांबली.
कोड आता जिन्याच्या वळणावर, भिंतीतल्या कपाटात.
किल्ली माझ्या जानव्याला.

वाचू नये, पण झटकताना दिसतं.
विभक्त होण्याच्या कलमापाशी, समासात,
साहेबांची जुनी शिसपेन्सिल:
एकेका शब्दाचा मराठी अर्थ, बारीक,
वर लिहिलंय, कु.साठी.
त्याखाली बाईंचं तिरपं: अर्थ पटत नाही.
आणि गेल्या चतुर्थीनंतर कधीतरी,
साहेबांच्या आता थरथरणाऱ्या अक्षरात:
कुठला?

मी कपाटात एक पेन्सिल ठेवून दिली आहे,
टोक काढून.
कुणी विचारलं तर माझी नाही.

आज शनिवार. कोर्ट बंद.
आनास्तासियोही पोर्तीत बसून मासळीवालीशी घासाघीस करत होता.
मी विजेचं बिल घ्यायला आलो
तर बाई खाली होत्या, साहेब वर होते,
आणि दोघांकडे पक्षकार कुणीच नव्हता.
बाईंनी चिठ्ठी दिली:
१९८७, भाग दुसरा.

सत्त्याऐंशी विषम.
तो त्यांच्याच पाठीमागे होता,
लाल कणा, कोपरा उंदराने खाल्लेला.
मी खंडाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं.
बाई खिडकीबाहेर.
जिना चढलो.

साहेबांनी चिठ्ठी वाचली.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.
खुर्ची ओढून फळीपाशी गेले,
शहाऐंशी काढला, ठेवला,
अठ्ठ्याऐंशी काढला,
दोघांमधल्या फटीत हात घालून बघितलं.

"सांग, सापडत नाही म्हणून,"
माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले.
"शोधतोय म्हणून सांग."